सत्यवतीची मिनिटं

सत्यवती मोंडकर ओरोसच्या ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून घोरायची, म्हणून साहेबाने तिला काढली, ही बातमी आमच्या वाडीत ताज्या बांगड्यांच्या टोपलीआधी पोचली. मीठमसाला कोणी घातला ते विचारू नका. बातमी साफ खोटी. बाई घोरणारी नव्हेच; झोपेतसुद्धा तिची बोटं चालतात, असं तिचा नवरा शंकरच सांगायचा.

शंकर दम्याचा माणूस. ट्रॉलरवर छाती खराब झाली आणि डॉक्टरने समुद्र बंद केला. तेव्हापासून बायको एसटीने ओरोसला, हा घरी चुलीपाशी. आम्ही कुंपणावरून छेडायचो, "काय रे शंकरा, आज कालवण कसला?"

"मालकीण सांगात ता!" म्हणून हसायचा आणि हसता हसता खोकायचा. तिचं टायपिंग चालू होतं तोवर त्याला होडीत पाय ठेवायची गरज नव्हती. दोघांनाही ते माहीत होतं, आणि आम्हालाही.

ऑफिस खाजगी, सरकारी कामांचे अहवाल टाइप करून देणारं. सत्यवती तिथे वर्षाच्या कंत्राटावर. २००७ साली नवे साहेब आले. त्यांनी शोध लावला की कॉम्प्युटरवरची फाइल किती मिनिटं उघडी होती ते कॉम्प्युटर आपोआप लिहून ठेवतो. झालं! दर शनिवारी ज्याच्या त्याच्या मिनिटांचा तक्ता भिंतीवर लागायला लागला.

आपली माणसं हुशार. सकाळी आल्या आल्या फाइल उघडायची आणि चहाला जायचं. हरिश्चंद्र म्हणून एक होता, तो फाइल उघडून कुडाळला मुलीसाठी स्थळ बघून आला. तक्त्यात पहिला नंबर त्याचा.

सत्यवतीची रीत उलटी. लोडशेडिंगचे दिवस, वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, कॉम्प्युटरला जोडलेली बॅटरी मेलेली. एकदा अख्खा अहवाल असा गेला तेव्हापासून ती पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीने सगळा मजकूर आधी जुळवायची, आकडे तपासायची. वीज आली की सर कोसळावी तशी टाइप करायची, छापायची आणि फाइल बंद. दिवसभराचं काम, पण कॉम्प्युटरच्या हिशेबी जेमतेम अर्ध्या तासाचं. तक्त्यात तळाला.

ती पेन्सिलीचे कागद घेऊन साहेबांकडे गेली. ते चांगले बोलले, हाच त्रास. "मॅडम, तुमचं खरं असेल, पण हे तक्त्यात कुठे घालू?"

हरिश्चंद्राने तिला सांगून बघितलं, "अगो बाय, उघडी ठेव आणि बस." तिने ठेवली नाही. दुसऱ्याला तोच कॉम्प्युटर लागतो, म्हणाली. मे संपला, कंत्राट संपलं, पुढे झालं नाही.

पावसाळा दोघांनी पेज आणि सुक्या मासळीवर काढला. नारळी पौर्णिमा झाली आणि शंकर दुसऱ्याच्या ट्रॉलरवर जेवण रांधायला चढला. "चुलीकडेच बसतलंय गो, जाळा ओढूक नाय," असं तिला सांगून गेला. डिझेलच्या धुराने वाटेतच छाती भरली. सुकाणूवरच्या तांडेलाने बोट वळवली, पण किनाऱ्याला लागली तेव्हा उतरवायला चार माणसं लागली. त्यांतला एक मी.

बारावं झालं आणि साहेब भेटायला आले. आम्ही सगळे पडवीत. साहेब टोपी हातात फिरवत हळूच म्हणाले, "मॅडम, फाइल नुसती उघडी ठेवायची होती हो. बाकीचे ठेवायचेच. मला काय कळत नव्हतं?"

सत्यवती ऑफिसात नेहमी शुद्ध बोलायची. त्या दिवशी नाही बोलली.

"त्यांचा सगळा कळला तुमका. माझा टेबल तुमच्या केबिनीच्या दारातच होता, साहेबानू. मी दिसलंय नाय?"