शिंप्याची आग

शिंपी बोलण्यात वाघ. स्वयंपाकघर पेटले तेव्हा हा वाघ अंगणात पळाला होता. बादल्या ओतल्या त्या बायकोने. तरी गिऱ्हाइकांना सांगताना आग विझवायचा तोच. घराच्या विम्याची कंपनी बदलताना मात्र अर्जातल्या ‘पूर्वी काही दुर्घटना?’ या प्रश्नापुढे त्याने ‘नाही’ लिहिले.

“अहो, खरं लिहा.”

“हप्ता वाढेल. तुला काय कळतंय!”

पुढे पाइप फुटला, घरभर पाणी झाले. पाहणीला आलेल्या विमा कंपनीच्या साहेबाने छताचा काळा डाग पाहून सहज विचारले. बायकोने डोळे वटारले, पण शिंप्याची छाती फुगलीच.

“साहेब, काय आग होती! एकट्यानं विझवली!”

“मग अर्जात खोटं लिहिलंत. भरपाई विसरा.”

बायकोने बादली त्याच्या पायाशी आदळली.

“घ्या शूरवीर, आता पाणीही एकट्यानंच उपसा.”