काळी चार आत, काळी तीन बाहेर

मागच्या रविवारी रिह्याला, माझ्या सासुरवाडीत, माझ्या गिटारच्या मशीनने भजन गाजवलं... म्हणजे जवळजवळ बुडवलंच होतं. नीट सांगतो.

माझे सासरे गावच्या भजनी मंडळाचे मुख्य गायक. मी त्यांना मामा म्हणतो. मंडळाची पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवतात शेजारचे नाना. दोघं लहानपणापासूनचे मित्र.

मामा आयुष्यभर काळी चारमध्ये गात आले. चांगली चढी पट्टी आहे ती. पण अलीकडे त्यांचा आवाज तिथवर पोचेनासा झाला... आणि मामांनी निदान केलं, की पेटी चढलीय.

नानांना हे फार लागलं. पोटच्या पोरीला नावं ठेवल्यासारखं. एरवी त्यांनी पट्टी उतरवलीही असती, पण आता उतरवली तर पेटीतच दोष होता असं ठरणार! त्यांनी साफ नकार दिला. दोघांचं बोलणं बंद झालं, आणि देवळाचा वर्धापनदिन तोंडावर आला.

आता माझी एंट्री. मी मूळचा परभणीचा, नोकरी हिंजवडीला, आणि फावल्या वेळात गिटार. गिटारसाठी मी आवाज बदलणारा एक इफेक्ट्स प्रोसेसर घेतलाय... दिसायला लोखंडी पाट, वर चार पेडल. आजवर त्याचा घरात कुणालाच उपयोग झालेला नाही, हे बायकोचं मत. तीच म्हणाली, "त्यातून काही होतंय का बघ."

होत होतं! त्यात पिच शिफ्टिंग नावाची सोय आहे. आत गेलेला सूर मशीन वर चढवून किंवा खाली उतरवून बाहेर सोडतं. पेटीसमोर माइक लावायचा, नाना काळी चार वाजवणार, स्पीकरमधून त्याखालची काळी तीन येणार आणि मामा आरामात गाणार...

नानांना सांगितलं, पेटी आहे तिथंच राहील, खाली उतरायचं ते मशीन उतरेल. मामांना सांगितलं, मशीनने पेटीचं दुखणं काढलंय. दोघंही खूश. मी तर स्वतःवरच खूश.

शनिवारी मामांच्या पडवीत ट्रायल घेतली. मी एक गोष्ट विसरलो होतो... पेटी स्वतःही वाजते. स्पीकरमधून काळी तीन आणि शेजारी पेटीतून खणखणीत काळी चार. तो आवाज शब्दांत सांगता येणार नाही. सासूबाई गोठ्यातून धावत आल्या आणि कुणाला काय झालं विचारू लागल्या.

मग मी इंजिनिअरसारखा विचार केला. (हीच चूक.) नानांना पेटीसकट देवळामागच्या भांड्यांच्या खोलीत बसवायचं आणि दार बंद ठेवायचं. कानाला माझा मोठा हेडफोन, म्हणजे त्यांनाही उतरलेलाच सूर ऐकू येईल. मामांचं तोंड बघावं लागणार नाही म्हणून नाना लगेच तयार झाले.

रविवारी दुपारी वर्धापनदिनाचं भजन सुरू झालं आणि चक्क जमलं! पेटी जरा पाण्याखालून आल्यासारखी वाटत होती, पण मामांचा आवाज असा लागला की बाया स्वयंपाक सोडून ऐकायला आल्या. मी खांबाला टेकून, एक पाय पेडलजवळ ठेवून, जावयाला शोभेल असं बसलो होतो.

तेवढ्यात नानांचे व्याही पाणी प्यायला देवळामागं गेले. भांडं शोधायला त्यांनी खोलीचं दार उघडलं, तर आत पातेल्यांच्या मधे नाना. व्याही अगदी भाबडेपणानं म्हणाले, "तुमी हितं हाय व्हय? आमाला वाटलं टेप लावलाय."

टेप... चाळीस वर्षं पेटी वाजवणाऱ्या माणसाला.

पुढचं मी समोरून पाहिलं. नाना पेटी छातीशी धरून, कानाला हेडफोन तसाच, मंडपात आले. माइक मी पेटीला सुतळीनं घट्ट बांधला होता, त्यामुळे मागून वायर सरपटत होती आणि वायरीत एक झारा अडकला होता. ते सरळ मामांच्या शेजारी बसले, हेडफोन मानेवर ओढला आणि काळी चार धरली.

शनिवारचाच आवाज, पण आता अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाणारा. लोकांनी कानांवर हात ठेवले. मी पेडलवर पाय मारून मशीन बंद केलं.

आता उरली फक्त खरी पेटी, खऱ्या पट्टीत. मामांनी ओळ उचलली आणि वरच्या सुराला आवाज फाटला. पुन्हा उचलली, पुन्हा फाटला. मागं पोरं हसली. मामांनी टाळ खाली ठेवले. एवढ्या लोकांत सासऱ्यांची ही अवस्था, आणि करणारा मी.

मामा नानांकडे वळले. हळूच बोलले, पण समोरचा माइक चालूच होता. "नाना, माझा आवाज उतरलाय. पेटीला काय झाल्यालं न्हाई."

नानांनी मामांकडे बघितलंसुद्धा नाही. बोटं नुसती खाली सरकवली आणि काळी तीन धरली. "मंग ही घे," ते म्हणाले. "एवढंच ऐकायचं हुतं मला."

त्यानंतर मामा जे गायले... मृदंगवाला मान हलवत होता, व्याही मांडीवर ताल धरत होते. नानांच्या मानेवर हेडफोन शेवटपर्यंत तसाच होता, काढायचं कुणालाच सुचलं नाही.

पंगतीत दोघं शेजारी बसले आणि मीठ कमी का जास्त यावरून भांडले. मला फार बरं वाटलं.

मशीनच्या जाडजूड पुस्तकात बंद कधी करायचं ते कुठंच लिहिलेलं नाही. त्या दुपारी ते मला वेळेवर सुचलं, याचे मी देवाचे मनापासून आभार मानतो.