पाठ झालेला बोर्ड

चष्म्याच्या दुकानात ताईंना चौदा वर्षं झाली होती. आत डोळे तपासायची खोली, बाहेर काउंटर, आणि दोन्हीकडे ताई. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायला लावायचा, भिंतीवरच्या बोर्डावरची अक्षरं वाचून घ्यायची. घाबरलेल्या म्हाताऱ्यांना त्या म्हणत, "आजोबा, परीक्षा नाही ही. इथे नापास कुणी करत नाही." मग फ्रेम निवडून द्यायच्या. चेहरा बघितला की त्यांना फ्रेम कळे. त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. राहिलेल्या वेळात त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत आणि तुटके चष्मे दुरुस्त करत. ते टेबल त्यांचं होतं. घरातसुद्धा त्यांची अशी एखादी जागा नव्हती.

घरातल्या सगळ्यांचे डोळे त्यांनीच मार्गी लावले होते. नवऱ्याचा चष्मा, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. लेकीला तर त्या दर सहा महिन्यांनी कान धरून तपासायला आणत. त्यांचं स्वतःचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय?" ते खोटंही नव्हतं. वर्षातून एकदा मालक सगळ्या नोकरांचे डोळे तपासून घेत. ताई खुर्चीवर अर्ध्या टेकत, शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचत आणि उठत.

फक्त हल्ली दिवे मंद झाले होते. स्वयंपाकघरातला बल्ब त्यांनी तीनदा बदलून घेतला. औषधांच्या पट्ट्यांवर कंपन्या शाई वाचवतात, असं त्यांचं ठाम मत होतं. सुईत दोरा लेक ओवून देई.

"आई, भोक आहे तिथेच आहे गं सुईचं."

"तोंड चालवू नकोस. दोरा दे."

संध्याकाळी कपाळ ठणके. कामानं ठणकत असणार. काम कुणाला चुकलंय?

त्या दिवशी सकाळी दुरुस्त करून दिलेला एक चष्मा परत आला. स्क्रू तिरका बसला होता, दांडी लोंबत होती. महिन्यातला तिसरा.

"ताई, तुमच्या हातून?" मालक म्हणाले. "लक्ष कुठे असतं? आणखी एक परत आला तर दुरुस्तीचं टेबल दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल मला."

ताईंनी तो चष्मा पुन्हा टेबलावर घेतला. लक्षच कमी पडत असणार. लेकीची परीक्षा होती, सासूबाईंचा गुडघा होता. पण टेबल गेलं तर?

दुपारी तपासणीच्या खोलीत जुना बोर्ड उतरवून त्याच्या जागी वाचायचा नवा पडदा लावला. डोळे तपासणारी मुलगी तीन महिन्यांपूर्वीच कामाला लागली होती. तिनं दारातून डोकं काढलं.

"ताई, जरा बसा ना. पडदा नीट लागलाय का बघते."

"अगं, माझ्यामागे पन्नास कामं आहेत."

"दोन मिनिटं फक्त."

ताई बसल्या. डोळा झाकला. "ग, म, प, र," त्या म्हणाल्या. "ट, ल, न, व. खालची पण वाचू?" उत्तराची वाट न बघता त्यांनी तीही वाचली. तिच्या खालचीही. "झालं? उठू?"

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"ताई, या पडद्यावर अक्षरं नाहीत. आकडे आहेत."

"काहीतरीच काय!"

ताई उठल्या. पडद्याला नाक लागेपर्यंत जवळ गेल्या. सात. चार. नऊ. परत येऊन बसल्या, तर तिथे राखाडी ठिपके होते. डोळे मिटून उघडले. ग, म, प, र.

"पण मला दिसत होता गं ग. आईशप्पथ. आत्ता होता तिथे."

"हो, ताई."

"मी खोटं नाही बोलले."

"कुणी म्हटलं खोटं? चूक आमची. दरवर्षी तुम्हाला तोच बोर्ड वाचायला लावला."

ताईंना काही सुधरेना. मागच्या वर्षी वाचलं ते वाचलं होतं की म्हटलं होतं? आणि त्याच्या मागच्या वर्षी? घरी कुणी "जेवलीस का?" विचारलं की त्या लगेच "हो" म्हणत. ते तरी बघून म्हणत होत्या का?

मालकांनी दार ढकललं. "ताई, बाहेर गिऱ्हाईक आलंय."

"आतपण गिऱ्हाईक आहे," मुलगी म्हणाली. "आणि ते स्क्रू यांना दिसतच नव्हते."

मालक पडद्याकडे बघत राहिले, मग ताईंकडे. "चष्मा होईपर्यंत बारीक काम बाजूला ठेवा," ते म्हणाले. "टेबल कुठे जात नाही." आणि स्वतःच काउंटरवर गेले.

मुलीनं ताईंच्या नाकावर काचा बदलून बघायची ती जड गोल फ्रेम चढवली. एक काच घातली, काढली, दुसरी घातली.

"ही बरी की आधीची?"

हा प्रश्न ताईंनी हजारो लोकांना विचारला होता. त्या गोंधळल्या.

"कुणाला?"

"तुम्हाला."

"तूच सांग ना."

"मला कसं कळणार ताई? डोळे तुमचे."

ताई खुर्चीत नीट मागे सरकून बसल्या. "आधीची," ताई म्हणाल्या. "नाही, थांब. पुन्हा दाखव."

मुलीनं पुन्हा दाखवली. चार वेळा दाखवली. मग सात हा सात झाला. मुलीच्या भुवईवर एक जुना व्रण होता. तीन महिने ही पोरगी समोर होती, आणि तो आज दिसला.

ताईंनी घरी फोन लावला. "आज उशीर होईल गं मला."

"कुणाला काय झालं?" लेकीनं विचारलं.

"कुणाला काही नाही. मला चष्मा लागलाय."

"तुला? पण तुला तर सगळं..."

"हो ना," ताई म्हणाल्या. "मलाही तसंच वाटत होतं."

बाहेर आरशासमोर उभं राहून त्यांनी हाताला आलेली पहिली फ्रेम उचलली. "ही चालेल."

"चालेल, की आवडली?" मुलीनं विचारलं.

ताईंनी फ्रेम खाली ठेवली. मग फ्रेमचा अख्खा खणच बाहेर ओढला आणि खुर्ची पुढे घेऊन बसल्या.