बाप जिता असताना उतरवलेली मिशी

माझं नाव चांदभाई, बेलापुरात फोटोचं दुकान. जित्या माणसांपेक्षा मेलेल्यांचे फोटो मी जास्त काढलेत. म्हातारा धडधाकट असतो तेव्हा त्याला फोटोवाल्यापुढं बसवायची कुणाला सवड नसते. गेला, की मग खुर्चीत टेकवा, फेटा बांधा, हार घाला आणि बोलवा चांदभाईला! मी चिडतो, तोंड वाजवतो, पण जातो.

सोनईच्या कानिफनाथ म्हाताऱ्याचा फोटो काढायलाही असाच गेलो, बेचाळीसच्या दिवाळीनंतर. म्हातारा भारी तापट. एकुलता एक मुलगा गहिनीनाथ पलटणीत होता. लढाईत तो बेपत्ता झाल्याचा सरकारी कागद पावसाळ्यात आला आणि म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं. घरात ताकीद दिली, "मेलेल्याला पत्रं धाडायची न्हाईत." सून पुष्पावती मात्र पलटणीच्या पत्त्यावर चोरून पत्रं लिहून घ्यायची. कुणाकडून? माझ्याकडून, आणखी कुणाकडून!

त्या दिवशी म्हाताऱ्याला खाटेवरून खाली घेतलेलं, तोंडात तुळशीचं पान, बायकांचा आकांत. पुष्पावतीनं मला गोठ्यामागं गाठलं. "भाऊ, त्यांला कळवा. बाप गेला, तर ल्योकाला सुतक नको का पाळाया?" मी उभ्या उभ्या कार्ड लिहिलं. टपालवाला समोरूनच निघाला होता, त्याच्या थैलीत टाकलं. इकडं आंघोळीचं पाणी अंगावर पडलं आणि म्हातारा ओरडला, "गार हाय की रं!"

हसू नका. सारा गाव हसला, मला काही हसू आलं नाही. टपालवाला शीव ओलांडून गेला होता. पुष्पावती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊ, कुठं पोचतंय ते कार्ड." मीही भित्रा, गप्प बसलो. पण तेव्हापासून टपालाची थैली दिसली की मी वाट बदलायचो.

त्रेचाळीसच्या श्रावणात आमच्या गावची बनुबाई एक फोटो मोठा करून घ्यायला आली. तिचा मुलगा इटलीत कैदेत होता, तिथून आलेला फोटो. सहा शिपाई ओळीनं उभे. पाचांच्या डोक्यावर केस, ओठावर मिशा. सहावा तुळतुळीत. मी भिंग लावलं. सहाव्याच्या उजव्या कानाची पाळी फाटलेली. गहिनीनाथाच्या लग्नात काढलेल्या फोटोची काच शोधून काढली, शेजारी धरली. तोच कान! माणूस दाढीमिशीत लपतो, कानात लपत नाही. आणि वरच्या ओठाची कातडी गालापेक्षा गोरी, म्हणजे मिशी नुकतीच उतरवलेली. या अल्ला, आता सोनई गाठायला हवी!

कारण दुसऱ्याच दिवशी सोनईत गहिनीनाथाला अग्नी द्यायचा होता. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची रीत. पण म्हातारा म्हणाला, "बारा वर्सं मी कुठला जगतोय?" दर्भाचा पुतळा करून तो जाळायचा, आणि मग पुष्पावतीचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. पुतळ्याशेजारी ठेवायला गहिनीनाथाचा फोटो मलाच सांगितला होता.

तांबडं फुटायला सायकल काढली. वाटेत चाक बसलं. मी त्या चाकाला, टपालाला, स्वतःला, सगळ्यांना शिव्या घालत सायकल ढकलत पळत सुटलो. पोहोचलो तेव्हा पुतळा अंगणात बांबूवर बांधलेला, आणि कोपऱ्यात म्हाताऱ्याची बहीण रंगुबाई ओलं फडकं घेऊन पुष्पावतीपुढं बसलेली.

मी कैदेतला फोटो म्हाताऱ्याच्या हातात कोंबला. त्यानं लांब धरून पाहिला.

"ह्यो माझा न्हाई. बाप जिता असताना माझा ल्योक मिशी उतरवील व्हय? हो बाजूला!"

रंगुबाईचा हात पुष्पावतीच्या कपाळाकडं गेला. मी किंचाळलो, "थांबा! बाप मेल्याचं त्याला मीच कळवलंय!"

मी भडाभडा बोलून मोकळा झालो. "तात्या, तो हरवल्याचा कागद पावसाळ्यातला. माझं कार्ड दिवाळीनंतरचं. ते फिरत फिरत इटलीच्या कैदेत त्याच्या हातात पडल्याबिगर त्यानं मिशी उतरवली असती का? तुमचा गहिनीनाथ जिता आहे!"

"मामंजी, मी लिव्हाया लावलं," पुष्पावती उठून उभी राहिली. "मारायचं तर मला मारा."

आता काठी बसणार म्हणून मी डोळे मिटले. काठी बसली नाही. म्हाताऱ्यानं फोटो डोळ्यांशी नेला आणि त्या बोडक्या ओठावरून अंगठा फिरवला.

"माझ्यापायी?" तो म्हणाला. "चांद्या, तिथं न्हावी तरी आसंल का रं? माझ्या पिंडाला कावळा शिवला आसंल का?"

माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

"रंगे, फडकं टाक," असं म्हणून तो पुतळ्यापाशी खाली बसला. स्वतःच गाठी सोडायला लागला. एक सुटेना, तर दातानं तोडली. सुटलेला दर्भ छातीशी धरला आणि माझ्याकडं न बघता बोलला, "कार्ड काढ. लिही, बाप जिता हाय म्हनावं. त्ये लेकरू परमुलखात माझं सुतक धरून बसलं, आन मी हितं त्याला जाळाया निघालो हुतो."

"हे शेवटचं पण लिहू, तात्या?"

"लिही," म्हणाला. "समदं लिही."