मरळीले काय पाहिजे?

मासेमारीचं एक बरं आहे. मासा घरी आणला तर दुपारच्या जेवणात संपतो, नाही आणला तर त्याचा किस्सा होतो, आणि किस्सा वर्षानुवर्षं टिकतो. आमच्याकडे न आणलेले मासे आता इतके झालेत, की एखाद्या पाहुण्यानं सहज विचारलं, "काय म्हणते मासेमारी?", तर माझी बायको आधी त्याच्या पाठीशी उशी आणून ठेवते!

मंडळी चौघंच. मी प्रकाश, पुसदला चष्म्याचं दुकान. वसंतकाका, गावाकडं कपाशी आणि तुरीचं शेत. वयानं सगळ्यात मोठे आणि बोलण्यात त्याहून मोठे. इक्बालभाई, मोटरसायकलचे मेकॅनिक. आणि राठोड सर, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. दर रविवारी सकाळी काकांच्या गावाजवळच्या तलावावर जायचं. तलाव मच्छीमार सोसायटीचा, पण त्यांची परवानगी आहे.

गांडूळ-बिंडूळ आम्ही लावत नाही. लूर वापरतो, म्हणजे नकली चारा. रबराचा बेडूक, पत्र्याची मासोळी, असलं काहीतरी. आणि मागे लागलोय मरळीच्या. सापासारखं तोंड, लांबट काळपट अंग, आणि स्वभाव माझ्या मोठ्या साडूसारखा. कशावर झडप घालेल ते सांगता येत नाही. त्यामुळे आमचे सगळे रविवार एकाच प्रश्नात गेले: मरळ सध्या काय खाऊन राह्यली?

*

राठोड सरांनी एकदा ऑनलाइन एक लूर मागवला. काय देखणा! अंगावर निळे-गुलाबी पट्टे, लाल डोळे, हलवला की पोटात छर्रे वाजायचे. सरांनी आम्हाला समजावून सांगितलं. तिकडे परदेशात बास नावाचा शिकारी मासा असतो, तो ज्या छोट्या माशावर जगतो त्याची ही हुबेहूब नक्कल.

वसंतकाकांनी लूर उलटसुलट करून पाहिला.

"सर, पण आपल्या मरळीनं हा मासा जन्मात पाह्यला नाही."

"मग त्यानं काय होते?"

"तिले वाटन पाहुणा आला. पाहुण्याले कोणी खाते का?"

झालंही तसंच. सकाळभर सर लूर फेकत राहिले, हात दुखेपर्यंत फेकला, पण मरळीनं ढुंकून पाहिलं नाही. काका परतीच्या वाटेवर भलतेच खुशीत!

पुढच्या रविवारी त्याच लूरला, तिथंच, पहिल्याच फेकीत मनगटाएवढी मरळ लागली. सरांनी ती उचलून काकांच्या नाकासमोर धरली.

"काय वसंतराव? पाहुण्याले खात नाही म्हणे!"

काका जराही गडबडले नाहीत. "आठ दिवस झाले ना त्याले येऊन! आठ दिवसाच्या वर राह्यला तर कोणी बी खाते!"

*

मग सरांनी ठरवलं, अंदाज बस झाले, आता पुरावा पाहिजे. मरळ मिळाली की तिचं पोट उघडून पाहायचं. आत जे निघेल तसाच लूर करायचा. साधं सायन्स!

त्याप्रमाणे एका रविवारी सरांच्या घरामागच्या फरशीवर आम्ही चौघं उकिडवे बसलो. सर चिमट्यानं एकेक नमुना बाहेर काढून बशीत मांडत होते. दोन झिंगे निघाले. एक अर्धवट विरघळलेली मासोळी निघाली. आम्ही माना डोलावत होतो. मग चिमट्याला एक लालभडक, मऊ, लांबट वस्तू आली. सरांनी ती उजेडात धरली.

"हे काय आहे? हा जीव मी आजवर पाहिला नाही."

इक्बालभाई पुढे वाकले आणि एकदम ओरडले, "अरे, ये तो अपना माल है!"

त्यांच्या लाल रबरी लूरची शेपटी! मागच्या रविवारी तुटून गेलेली.

एवढ्यात सरांच्या मिसेस दारात आल्या. बशीकडे पाहून त्यांनी पदर नाकाला लावला. "मग, झालं का संशोधन? काय खाते ती मरळ?"

वसंतकाका गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणाले, "आमचं डोकं खाते, वहिनी!"

*

माझंही एक योगदान आहे. छोटंसं.

पाण्यावरची चमक कापणारे चष्मे येतात. तो घातला की पाण्याच्या आतलं दिसतं. दुकानात तसा एक होता, तो मी काकांना लावायला दिला. काका तलावाच्या काठाकाठानं हिंडले. एकदा थांबले, वाकले, पुन्हा थांबले. बराच वेळ गेला. मग परत आले आणि चष्मा माझ्या हातात ठेवला.

"घेऊन टाक बाबा तुहा चष्मा."

"काहून काका? दिसलं नाही का काही?"

"दिसलं ना. आजवर मले वाटे, मासे नाहीत म्हून लागत नाहीत. आता समजलं. आहेत, पण लागत नाहीत!"

*

इक्बालभाईंनी एकदा गाडीच्या जुन्या ट्यूबचा बेडूक केला. पोट पिवळं रंगवलेलं, पाय असे मोकळे सोडलेले की पाण्यावर ओढला की टुणटुण उड्या मारत येणार. पंक्चर पाहायच्या घमेल्यात त्याची चाचणी चालू होती, तेव्हा एक गिऱ्हाईक आत आलं, घमेल्यात पाहिलं आणि विचारू लागलं, "भाई, हा कोणाच्या गाडीतून निघाला?"

तर तो बेडूक रविवारी पहिला फेकायचा मान सरांना दिला. सर काठावर उभे. बेडूक उड्या मारत येत होता आणि त्याच्यामागे पाण्याला एक बारीक रेघ पडली. रेघ जवळ येऊ लागली.

"आली! मरळ आली! कोणी बोलू नका!" सर स्वतःच ओरडत होते. ते दोरी जोरात गुंडाळत, तसतशी रेघ जोरात येई. बेडूक काठावर आला, गवतात आला, तरी रेघ थांबली नाही. तीही गवतात आली. तेव्हा आम्हाला कळलं, ही मरळ नव्हे. हा चांगला हातभर दिवड होता, पाणसाप!

"याडीऽऽ!" सर मास्तरकी विसरून थेट बंजारा बोलीत आईला हाक मारून मोकळे झाले, आणि पुढच्या क्षणी मागच्या बाभळीवर होते.

खालून इक्बालभाईंनी विचारलं, "सर, जहरवाला है क्या?"

वरून वर्गात शिकवतात तसा आवाज आला. "नाही. दिवड पूर्णपणे बिनविषारी असतो. घाबरण्याचं काही कारण नाही."

"मंग उतरा ना खाली!"

"त्याला आधी जाऊ दे."

साप गेला. सर मात्र तिथंच. चढताना त्यांना एक काटा जाणवला नव्हता, उतरताना बाभळीनं सगळा हिशेब मागितला. आम्ही तिघांनी मिळून त्यांना खाली घेतलं. इक्बालभाई त्यांच्या पाठीतला काटा काढता काढता म्हणाले, "काही म्हणा सर, बेडूक पास झाला!"

*

तलावाच्या भिंतीखाली एक जागा आहे, जिथं शाळांच्या सहली येतात. तिथले छोटे मासे आमचा एकही लूर घेत नसत. एकदा पाहिलं तर पोरं काठावर बसून खाऊचे कुरकुरीत केशरी पोंगे पाण्यात टाकत होती आणि मासे त्यावर तुटून पडत होते!

इक्बालभाईंनी जरा विचार केला. इकडेतिकडे पाहिलं, आणि पायातली केशरी स्लीपर काढली. तिचे पोंग्याएवढे तुकडे कापले, गळाला ओवले. एकामागून एक मासे! त्या सकाळी स्लीपरची टाच संपली तेव्हाच आम्ही थांबलो.

सरांनी सिद्धांत मांडला. "पाहा, मासा रोज जे समोर पाहतो, त्यालाच तो अन्न समजतो."

"खोटं," काका म्हणाले. "मी रोज घोसाळ्याची भाजी पाहतो."

पण खरी गंमत पुढं. इक्बालभाई एका पायात चप्पल घालून घरी गेले. भाभींनी दारातच विचारलं, दुसरी कुठं आहे?

"मछली खा गई."

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेलो तर चेहरा पडलेला. मला म्हणाले, "प्रकाशभाऊ, मासेमारीवरून आलो की मी दर वेळी काही ना काही ठोकतो, घरचे मजेत ऐकतात. काल पहिल्यांदा खरं बोललो, तर कालपासून कोणी माह्याशी बोलून नाही राह्यलं!"

*

वसंतकाकांच्या मिसेस, म्हणजे आमच्या मंदाकाकू, त्यांच्या भाचीचं लग्न होतं, कळंबला. काकांनी ठरवलं, या वेळी साडी आपण एकट्यानं निवडायची आणि काकूंना चकित करायचं. एकट्यानं म्हणजे मला घेऊन.

दुकानदारानं विचारलं, "कोणता कलर दाखवू?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "प्रकाश, लग्न मंडपात आहे का उघड्यावर? ढगाळ असन तर गडद पाहिजे. ऊन असन तर चकचकीत."

दुकानदार मान हलवत होता. हा हिशेब लूरचा आहे हे त्याला काय ठाऊक, त्याला वाटलं, काय जाणकार माणूस आहे! काकांनी गठ्ठेच्या गठ्ठे उलगडायला लावले आणि शेवटी एकीवर बोट ठेवलं. शेवाळी हिरवी, त्यावर काळे ठिपके, काठ पिवळाधम्मक. मला कुठंतरी ती ओळखीची वाटत होती खरी.

काकूंनी घरी घडी उलगडली. ठिपके पाहिले, काठ पाहिला. मग शांतपणे म्हणाल्या, "हा रंग कोणत्या माशाचा व्हय?"

काका अगदी मनापासून म्हणाले, "माशाचा नाही, मंदा. बेडकाचा!"

*

आता हा शेवटचा.

तलावाच्या पलीकडच्या कोपऱ्यात बेशरमाची झुडपं पाण्यात झुकलेली आहेत. तिथं एक मोठी मरळ होती. काका तिच्या मागे कितीतरी वर्षं होते. बेडूक झाला, मासोळी झाली, झिंगे झाले. ती फक्त वर येऊन पाही आणि खाली जाई. यंदा काकांनी गावात जाहीरच करून टाकलं, "या साली तिचा रस्सा माह्या अंगणात. सगळ्यांनी या!" झालं! गावात दिसले की पानटपरीवरून आवाज यायचा, "काका, रस्सा झाला का?" आधी काका हसत. मग हसणं कमी झालं. मग ते टपरीच्या मागच्या गल्लीनं येऊ लागले.

आषाढ संपत आला होता. श्रावण लागला की काकू घरात मासा येऊ देत नाहीत, म्हणजे हाच शेवटचा रविवार. दोन दिवसांची उघाड होती. काका एकटेच झुडपांकडे गेले. मी आणि इक्बालभाई अलीकडच्या काठावर, आणि सर पार सांडव्याजवळ.

काकांनी एक साधा पत्र्याचा चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचा लूर, फेकला. पाणी फुटलं! असा आवाज, की बगळे उडाले. काका गुडघाभर पाण्यात शिरले, मागे आले, पुन्हा शिरले. रॉड कमानीसारखा वाकलेला. शेवटी त्यांनी ती काठाशी आणली आणि दोन्ही हातांनी उचलली. चांगली मांडीएवढी! मी ओरडणार, तेवढ्यात इक्बालभाईंनी माझं मनगट धरलं.

"उधर देखो."

काकांच्या पायाशी पाण्यावर एक शेंदरी डाग होता. परातीएवढा. आणि तो हलत होता. जागच्या जागी गोल फिरत होता.

पिल्लं होती. सरांनीच कधीतरी सांगितलं होतं, या दिवसांत मरळ पिल्लांवर राखण करते. जवळ जे येईल त्यावर तुटून पडते, भूक असो-नसो. आणि तीच गेली, तर बाकीचे मासे एका दिवसात पिल्लांचा फडशा पाडतात.

काका तसेच उभे होते. मरळ हातात. त्यांनी एकदा गावाकडं पाहिलं. मग खाली पाहिलं. मग ते वाकले, हळूच गळ काढला, आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घालून तिला धरून राहिले. हात रिकामे झाले तरी थोडा वेळ तसेच होते. शेंदरी डाग सरकत सरकत झुडपांखाली गेला.

तलावाला वळसा घालून काका आमच्याकडे आले. बाह्या निथळत होत्या. रॉडच्या टोकाला पत्र्याचा चमचा तसाच लोंबत होता, उन्हात लखलखत.

"दोरी तुटली," काका म्हणाले. आमच्याकडे न पाहता.

मी तोंड उघडलं. इक्बालभाईंनी माझ्या पायावर पाय दिला.

तिकडून सर पळत येत होते. "काय झालं? केवढी होती? मले तिथपर्यंत आवाज आला!"

इक्बालभाईंनी खिशातून पक्कड काढली, दोरी खटकन कापली, चमचा खिशात टाकला आणि वळून म्हणाले, "दोरी तुटली, सर."

सर धापा टाकत पोचले. त्यांनी दोरीचं टोक हातात घेतलं, चष्म्याजवळ नेलं. मग काकांच्या बाह्यांकडे पाहिलं. मग पलीकडच्या झुडपांकडे पाहिलं, चांगलं निरखून.

"दातानं कापली असन," इक्बालभाई म्हणाले. "मरळीचे दात लय तेज."

सरांनी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलंय. त्यांनी दोरी सोडून दिली, काकांच्या ओल्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले,

"हो, हो. म्हातारपणी तर जास्तच तेज होतात!"