साक्षीविना घातलेली अंडी

लॉरेन प्रुखनिकनं तेवीस वर्षं टोलेडोत शाळेची बस चालवली. आरशात एक नजर टाकली की कुठलं पोर थाप मारतंय ते तिला कळायचं. त्याच बाईला आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या मंडळानं खोटारडी ठरवायला घेतलं, म्हणून हे लिहितेय.

मार्चच्या बैठकीत, चर्चच्या तळघरात, तिनं पाण्याच्या पिशवीतून सहा पिल्लं आणली. कोरी जातीचे छोटे कॅटफिश. नखाएवढे, मिशा फुटलेले, पाठीवर काळी रेघ. या रेघवाल्यांनी गावात कुणाच्याच घरी अंडी घातली नव्हती. मर्ल हॅचरच्याही नाही, आणि मंडळाची पैदाशीची प्रमाणपत्रं तर त्याच्या घरात जिन्यापासून संडासापर्यंत टांगलेली.

मर्लनं पिशवी दिव्यासमोर धरली. "छान आहेत. कुठल्या दुकानातून?"

"माझ्या टाकीतून."

"अंडी कुणी बघितली?"

कुणीच नाही. आमचा नियम असा की अंडी काचेवर असतानाच दुसऱ्या सभासदाला बोलवायचं आणि त्याची सही घ्यायची. लॉरेननं ती लगेच बोटानं सोडवून वेगळ्या डब्यात ठेवली होती. ठेवणारच, नाहीतर आईबापच खाऊन टाकतात.

"फोन करायला एक बोट पुरतं, लॉरेन," मर्ल म्हणाला. "बाकी तू म्हणतेस तर खरंच असेल म्हणा."

लोक हसले. प्रमाणपत्र अडलं. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. पण त्यानंतर जो तो तिच्या पिशव्या उजेडात धरून बघायला लागला.

माझं डोकं फिरलं. मर्लला चार शब्द सुनावले. पण भाडेकरूंच्या बाजूनं घरमालकांच्या कागदांशी झगडण्यात आयुष्य गेलंय माझं. साक्षीदार नाही म्हटलं की मलाही शंका येते. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभी राहिले.

"तूही तपासायला आलीस?"

"हो."

"मग हात धू. साबण नको, माशांना चालत नाही."

ती टाकीत गार पाणी ओतायची, पाऊस पडून नदी भरली असं माशांना वाटावं म्हणून. तीन आठवडे काही नाही. मासे वाळू उकरत बसलेले. तिच्या कचऱ्यात दुकानाची पिशवी सापडते का, तेही मी बघितलं. नव्हती. पण पिशवी जाळताही येते.

एप्रिलात एका सकाळी आभाळ काळं झालं. अशा पावसाळी हवेतच हे मासे अंडी घालतात, म्हणून तिनं मर्लला आणि मला फोन केला. मर्ल गार पाणी घरून घेऊन आला, स्वतःच्या बादलीत.

"यात काय आहे?" लॉरेननं विचारलं.

"पाणी. तुझ्या पाण्याचं मला काय माहीत?"

"ओत मग."

तो काचेला नाक लावून बसला. दुपारी मादी वर आली, पोटाखालच्या परांत अंडं धरून, आणि त्याच्या नाकासमोर काचेला चिकटवून गेली. मग दुसरं. मर्लनं काचेमागे कुणी आहे का बघितलं. खरंच बघितलं. मग सही केली.

थोड्या वेळानं म्हणाला, "थोडी अंडी देशील?"

"देते." तिनं कागद घेतला, अंडी कुणाच्या टाकीतली ते लिहिलं, तारीख घातली, त्याची सही घेतली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "साक्षीदार."

"अगं, मी बघितलंय ना, मी काय पळून चाललेय?"

"सही कर."

मी चिडून केली.

"दोन प्रती आहेत," ती म्हणाली. "खालचीवरही."