गोळी कुठं लागली?

फौजेत मी दर्जी होतो. आमच्या गावात हे मी कितीतरी वेळा सांगितलं, पण कुणाला ते आवडलं नाही, म्हणून कुणाला पटलंही नाही.

तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या बोथजवळ आमचं खेडं, तिथं वडील शिवणकाम करायचे. लग्नसराईत झंपर, पोळ्याला बैलांच्या झुली. मीही तेच शिकलो. नागपूरला भरतीसाठी गेलो, तेव्हा साहेबांनी मला समोर बसवून एक पँट शिवून घेतली आणि मला भरती करून घेतलं. बंदूक शिकवली, पण माझ्या निशाण्यापेक्षा माझी शिलाई सरळ यायची.

मग कारगिलची लढाई सुरू झाली. आमच्या पलटणीबरोबर माझं मशीनही ट्रकमधून वर गेलं. लढणारे पार डोंगरात, आणि मी खालच्या तळावर. वरून फाटके कोट यायचे, तुटक्या पट्ट्यांच्या पिशव्या यायच्या. मी शिवून परत पाठवायचो. एखादा कोट शिवून तयार असायचा आणि तो न्यायला कुणी यायचंच नाही. त्या कोटांबद्दल मला अजूनही बोलता येत नाही.

कापडाची कात्री मी पँटच्या मागच्या खिशात ठेवायचो. एका दुपारी तोफगोळ्याची शिट्टी ऐकू आली. आमचे हवालदार ओरडले, "नीचे!" मी खंदकात उडी मारली आणि थेट बसूनच पडलो. गोळा पलीकडे नदीत जाऊन पडला. कुणाला काही झालं नाही. कात्री तेवढी आत घुसली.

डॉक्टरसाहेबांनी पालथं झोपवलं आणि विचारलं, "किसने मारा?"

"मैंने ही, साब."

शेजारी उभे असलेले हवालदार गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "साब, टाँके इसी से लगवा लो. हाथ साफ है इसका."

घरी कळवायला बोथच्या टेलिफोनवाल्याकडे निरोप दिला: किरकोळ जखम आहे, काळजी करू नका. तो निरोप गावात पोचेपर्यंत त्यात गोळी शिरली होती. मी सुट्टीवर आलो तर बसस्टँडवर हलगी, हार, आणि सरपंचांची जीप. मला बसता येत नव्हतं, म्हणून मी जीपमध्ये दांडा धरून गावापर्यंत उभा राहिलो. बाया-माणसं एकमेकांना दाखवत होती, "पाहा, अशी असते शिस्त! बसूनच नाही राह्यला."

वडिलांना रात्री खरं सांगितलं. ते म्हणाले, "कात्री चांगली होती न?"

त्याच सुट्टीत किनवटकडची एक मुलगी बघायला गेलो. वाटेत वडिलांनी समजावलं, "कोणी पुसलं तर मांडीत लागली म्हणून सांगून दे. मांडी काही लांब नाही तिथून."

पाहुण्यांच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती. सगळे बसले, मी खांबाला टेकून उभा. मुलीचे मोठे काका जाड मिशांचे, बोलण्यात वजन. त्यांनी विचारलं, "गोळी कुठं लागली?"

वडिलांनी मांडीवर हात ठेवून मला खूण केली. पण त्या मिशांपुढं मला खोटं सुचेना. म्हणालो, "मागून."

काकांनी सुपारी तोंडातच थांबवली. "मागून काऊन? पळून राह्यले होते काय?"

आता माझा नाइलाज झाला. पळपुटा म्हणून घेण्यापेक्षा बावळट म्हणून घेतलेलं बरं. मी कात्री, खिसा, खंदक, हवालदार, सगळं सांगून टाकलं. टाक्यांपर्यंत आलो तेव्हा आतल्या खोलीत कपबश्या पडल्याचा आवाज झाला, आणि मागोमाग हसणं. ते थांबेचना. मुलीची आई दटावत होती आणि तिलाही हसू आवरत नव्हतं.

चहा घेऊन मुलगी बाहेर आली. डोळे पुसलेले दिसत होते. माझ्या हातात कप देत हळूच म्हणाली, "दुखत असंल तर बाजेवर कुशीवर व्हा ना. आमी काही नाही म्हणनार."

घरी परतताना वडील म्हणाले, "गेलं हे स्थळ." चार दिवसांनी काकाच होकार घेऊन आले. म्हणाले, पोरगी म्हणते, हा माणूस घरी खोटं बोलणार नाही, त्याला जमतच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. मांडवात काका आपल्या गाववाल्यांना सांगत होते की गोळी पोटरीतून शिरून मांडीतून बाहेर निघाली. मी दुरुस्त करायला निघालो, तर बायकोनं शेल्याची गाठ ओढून मला जागेवर थांबवलं. "राहू द्या," ती म्हणाली, "त्याइची इज्जत हाये."

पेन्शन घेऊन आलो आणि बोथच्या बाजारात दुकान टाकलं. गिऱ्हाईकं तेलुगूत, मराठीत, हिंदीत लढाईबद्दल विचारतात. मी माप घेत असतो, तोंडात टेपचं टोक असतं. उत्तर बायकोच देते, तिन्ही भाषांत, आणि प्रत्येक वेळी कात्री थोडी मोठी होते. सासुरवाडीत मात्र मला अजून मांडीतच गोळी लागलेली आहे. तिथं गेलो की मी जरा लंगडत चालतो.